व्हिटॅमिन ई, वण आणि स्ट्रेच मार्क्स: दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका बाजारपेठेत औषधांचं दुकान चालवते. "ती हिरवी कॅप्सूल द्या, वणाला लावायची आहे" ही मागणी वर्षभर येते. हिरवी कॅप्सूल म्हणजे व्हिटॅमिन ईची. सिझर झालेल्या मुली मागतात, त्यांच्या आया मागतात, आंब्याच्या हंगामात चीक उतलेले, म्हणजे चीक पडून अंगाला फोड आलेले गडी मागतात, कान टोचल्यावर गाठ आलेल्या शाळकरी पोरी मागतात. मागे माणसं खोळंबलेली असताना काउंटरवर सगळं सांगता येत नाही. म्हणून इथे सावकाश लिहिलं आहे.

कॅप्सूल फोडून तेल लावलं की वण जातो का?

नाही. जात तर नाहीच, बहुतेकांचा फिकाही होत नाही.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. मायामी विद्यापीठातल्या त्वचातज्ज्ञांनी १९९९ मध्ये एक छोटा पण नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. त्वचेच्या कॅन्सरची गाठ काढलेले १५ रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या वणाचे दोन भाग पाडले. एका भागाला पेट्रोलियम जेलीच्या जातीचं साधं मलम, दुसऱ्याला तेच मलम व्हिटॅमिन ई घालून. कुठल्या भागाला काय लागतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. बारा आठवड्यांनी पाहिलं तर ९० टक्के रुग्णांत व्हिटॅमिन ईच्या बाजूला काही फरक नव्हता, नाहीतर तीच बाजू जास्त वाईट दिसत होती. शिवाय तिघांत एकाला त्या तेलाने पुरळ उठलं होतं. त्याआधी १९८६ मध्ये भाजलेल्या रुग्णांवरच्या शस्त्रक्रियांनंतर व्हिटॅमिन ई लावून पाहिलं होतं, तिथेही फायदा दिसला नव्हता.

फायदा दाखवणारे अभ्यासही आहेत, पण थोडे आणि लहान. काहींत ते सिलिकॉनसोबत वापरलेलं होतं, म्हणजे गुण नक्की कशाचा हे वेगळं काढता येत नाही.

मग माझ्या वहिनीचा वण कसा गेला? ती रोज हेच तेल लावायची.

वहिनी खोटं बोलत नाहीत. त्यांचा वण खरंच फिका झाला असणार. वण मुळात कसा बदलतो ते पाहिलं की याचा उलगडा होतो.

जखम भरल्यावर पहिले दोन-तीन महिने वण लाल, टणक आणि थोडा उंच होत जातो, खाजतोही. आत शरीर घाईघाईने कोलाजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे प्रथिनाचे धागे, घालत असतं. नंतर तेच कोलाजेन शरीर हळूहळू मोडून पुन्हा नीट रचतं. हे काम वर्षभर, कधी दीड-दोन वर्षं चालतं, आणि त्यात वण आपोआप सपाट आणि फिका होत जातो. माणूस तेल लावायला सुरुवात करतो ती नेमकी वण सर्वात वाईट दिसत असताना. त्यानंतरची सुधारणा तेलाच्या नावावर जमा होते.

शिवाय तेल लावताना बोटं फिरतात. रोज पाच-दहा मिनिटं वण चोळला की तो मऊ पडतो आणि खालच्या थराला चिकटलेला असेल तर सुटायला मदत होते. तेवढं काम साधं खोबरेलही करतं.

त्या कॅप्सूलमध्ये असतं तरी काय?

आपल्याकडे सर्वात जास्त खपणाऱ्या कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम टोकोफेरिल अ‍ॅसिटेट असतं. व्हिटॅमिन ई हे एकच द्रव्य नाही. निसर्गात त्याचे आठ प्रकार आहेत, चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायेनॉल. त्यातलं अल्फा टोकोफेरॉल आपलं शरीर मुख्यत्वे वापरतं. कॅप्सूलमधलं अ‍ॅसिटेट हे त्याचं टिकाऊ रूप. ते बाटलीत खराब होत नाही, पण त्वचेत गेल्यावर त्याचं पुन्हा टोकोफेरॉल व्हावं लागतं आणि ते थोडंच होतं. गिळल्यावर आतड्यात हे काम व्यवस्थित होतं. कॅप्सूल बनवली आहे ती गिळण्यासाठी.

टाचणी किंवा साडीची पिन टोचून ती पिळली की घट्ट, पिवळसर, बोटाला चिकटणारं तेल येतं. पुसलं तरी हात ओशट राहतो. ती पिन कुठून कुठे फिरलेली असते याचा विचार कुणी करत नाही, आणि तेच तेल ताज्या टाक्यांवर जातं. हे मला अजिबात पटत नाही. टाके असलेल्या किंवा उघड्या जखमेला ही कॅप्सूल लावू नका.

उपयोग नसला तरी तोटा तर नाही ना?

असू शकतो. व्हिटॅमिन ईची अ‍ॅलर्जी येते. लाली, खाज, बारीक पाणीदार पुळ्या. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये व्हिटॅमिन ईचा एक नवा प्रकार घातलेली सौंदर्यप्रसाधनं बाजारात आली आणि सुमारे हजार जणांना पुरळ उठलं. ज्या वणाचं दिसणं सुधारायचं, त्यावरच पुरळ उठलं तर ते बरं झाल्यावर मागे काळा डाग उरतो. आपल्या सावळ्या कातडीत तो महिनोन्महिने राहतो.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत किनाऱ्यावर घाम सुकतच नाही. त्यात असलं घट्ट तेल पोटावर, मांडीवर, छातीवर लावून वर सुती का होईना पण घट्ट कपडा घातला की केसांच्या मुळाशी फोड येतात, घामोळं वाढतं. चेहऱ्यावर मुरूम. थंड, कोरड्या देशातल्या व्हिडिओत पाहिलेला उपाय मे महिन्यात मालवणला किंवा गुहागरला तसाच लागू होत नाही.

तरीही लावायचंच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस थोडं लावून बघा. काही उठलं नाही तरच पुढे जा.

सिझरच्या वणाला मग काय लावू?

सुरुवातीला काहीच नाही. वण स्वच्छ आणि कोरडा ठेवायचा, एवढंच काम. सिझरची चीर ओटीपोटाच्या घडीत येते. तिथे घाम साचतो. आंघोळीनंतर मऊ सुती फडक्याने टिपून कोरडं करा, घडी उचलून हवा लागू द्या. पू, वास, वाढती लाली, ताप यांपैकी काहीही दिसलं तर तेल-मलम न लावता ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवा.

शेक-शेगडीबद्दल इथेच सांगते, कारण कोकणात बाळंतिणीला शेक देतातच. सिझरनंतर चिरेच्या आजूबाजूची कातडी बरेच महिने बधिर असते. चटका बसला तरी मुलीला कळत नाही. निखारा किंवा गरम पाण्याची पिशवी वणाजवळ नको. मालिशवाल्या मावशींनाही हे आधी सांगून ठेवा, त्या ऐकतात. पोटपट्टा बांधत असाल तर त्याची कड वणावर घासत नाही ना ते पाहा.

जखम पूर्ण बंद झाली, खपली पडली, कुठे ओल नाही, असं झालं की साधारण दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन जेल सुरू करता येतं. दिवसातून दोनदा पातळ थर लावायचा आणि सुकू द्यायचा. सिलिकॉनच्या पट्ट्याही मिळतात. त्या दिवसातले बारा तास किंवा जास्त लावून ठेवायच्या, रोज सौम्य साबणाने धुवायच्या, वाळवून परत लावायच्या. दोन्ही किमान दोन-तीन महिने. आपल्या घामाच्या दिवसांत पट्टी सुटते आणि तिच्याखाली पुरळ येतं, म्हणून उन्हाळा-पावसाळ्यात मी जेलच सुचवते. सिलिकॉनचा पुरावाही पक्का नाही, मोठ्या आढाव्यांनी तो कमी दर्जाचाच ठरवला आहे. पण वण उंच होऊ नये म्हणून जगभरचे तज्ज्ञ आधी याचंच नाव घेतात, आणि यात पुरळ उठण्याचा त्रास कमी आहे.

सहा आठवड्यांनंतर, डॉक्टर हो म्हणाले की, हलक्या हाताने गोल गोल चोळायला सुरुवात करा. घरातलं कुठलंही साधं तेल चालेल.

आंब्याचा नाहीतर काजूचा चीक उतून पडलेल्या डागांना व्हिटॅमिन ई चालेल का?

आमच्याकडचा हा खास प्रश्न, आणि बाहेरच्या माहितीत याचं उत्तर सापडत नाही.

आंबा, काजू आणि बिबा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. बिबा उततो तसाच काजूच्या टरफलातला डीक उततो आणि आंब्याच्या देठाचा चीकही उततो, कारण तिघांत एकाच जातीची दाहक द्रव्यं आहेत. देठ तुटल्याक्षणी चीक जोरात उडतो. खाली उभ्या माणसाच्या तोंडावर, मानेवर, कोपरावर पडतो. म्हणूनच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याने, म्हणजे टोकाला पातं आणि जाळी असलेल्या काठीने, देठासकट आंबा काढला तर आंबाही डागत नाही आणि माणसाची कातडीही वाचते. काजूचं तर विचारू नका. फेब्रुवारीपासून ओले काजूगर काढणाऱ्या बायकांची बोटं पाहा. टोकं काळी पडलेली, कातडीचे पापुद्रे सुटलेले, नखांच्या कडा चिरलेल्या. भाजलेल्या बिया फोडताना तेल उडून हाताला, गालाला फोड येतात ते वेगळेच.

हे फोड बरे झाल्यावर जे उरतं ते पुष्कळदा वण नसतोच. तो काळा डाग असतो. कातडी भाजली, सुजली की सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि खाली झिरपतं. हात फिरवला तर जागा सपाट लागते, फक्त रंग गडद. असा डाग आपोआप जातो, मात्र महिने लागतात, आणि ऊन लागत राहिलं तर जात नाही. बागेत काम करणाऱ्यासाठी लांब बाह्यांचा जुना सुती शर्ट आणि मानेला पंचा हा सर्वात भरवशाचा उपाय. चेहऱ्याला एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, आणि घामाने जातं म्हणून दुपारी पुन्हा एकदा. इथे व्हिटॅमिन ईचं तेल चोपडून उन्हात गेलात तर डाग आहे तसाच राहील.

चीक अंगावर पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे कराल तेच डाग ठरवतं. लगेच साबण आणि भरपूर पाणी. चुना, टूथपेस्ट, राख काही नको. फोड फोडू नका. डोळ्यात गेला, तोंड सुजलं किंवा पुरळ पसरत चाललं तर त्याच दिवशी डॉक्टर. काजूगर काढायला बसण्याआधी हाताला तेल लावायची जुनी रीत योग्यच आहे, रबरी हातमोजे त्याहून बरे.

चुलीवर, उकळत्या पाण्याने भाजलं तर?

वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, कॅप्सूल तर नाहीच. भाजलेली जागा भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले तर वण उंच होण्याची शक्यता बरीच, तेव्हा भरत असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. सांध्यावर भाजलं असेल तर वण आखडून बोट किंवा कोपर वाकडं होऊ शकतं. तिथे दिसण्यापेक्षा हालचाल महत्त्वाची.

पोटुशी असताना लावलं तर स्ट्रेच मार्क्स टळतात का?

टळत नाहीत. गरोदरपणातल्या या रेषा रोखायला लावायच्या क्रीम-तेलांचा २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला. सहा अभ्यास, ८०० बायका. व्हिटॅमिन ई असलेली क्रीम, कोको बटर, ऑलिव्ह तेल, कशानेही या रेषा टळतात असा दर्जेदार पुरावा मिळाला नाही.

याचं कारण जागेत आहे. रेषा वरच्या कातडीत पडत नाही. तिच्या खालच्या जाड थरात कोलाजेन आणि इलॅस्टिनचे धागे असतात. पोट झपाट्याने वाढलं आणि संप्रेरकांनी ते धागे कमजोर केले की जाळ्याचे आतले दोर तुटावेत तसे ते तुटतात. वरून लावलेलं तेल वरच राहतं. कुणाला पडणार हे बरंचसं आधी ठरलेलं असतं. आईला होत्या का, मुलगी किती लहान वयात पोटुशी राहिली, वजन किती वाढलं, बाळ किती मोठं होतं, यावर.

म्हणून एक विनंती. "तेव्हाच तेल लावलं असतंस तर आज पोट असं दिसलं नसतं" हे सुनेला, मुलीला ऐकवू नका. ते खरं नाही. काउंटरपलीकडे मान खाली घालून क्रीम मागणाऱ्या मुलींना मी पाहते. त्यांनी काहीही चुकवलेलं नसतं.

तेलाने खाज मात्र कमी होते. चरकसंहितेत गर्भिणीच्या या खाजणाऱ्या रेषांना किक्किस म्हटलं आहे आणि खाजवू नये असं बजावलं आहे. ते आजही लागू. शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय रात्री फार खाजत असतील तर मात्र तेलावर थांबू नका. ते यकृताशी निगडित असू शकतं, डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा.

पडलेल्या रेषा घालवता येतात का?

पूर्ण नाही. रेषा लाल-जांभळ्या असतात तोवर उपचारांना थोडा प्रतिसाद मिळतो. ट्रेटिनॉइन क्रीम डॉक्टर देतात, पण गरोदरपणात ते चालत नाही आणि अंगावर पाजत असताना विचारल्याशिवाय लावायचं नाही. रेटिनॉल असलेली दुकानी क्रीमही पोटुशीने टाळावीत. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. एकदा रेषा पांढऱ्या झाल्या की लेझर, मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचण्याचा उपचार) यांनी त्या थोड्या कमी उठून दिसतात. बऱ्याच खेपा लागतात, पैसे लागतात, आणि आपल्या रंगाच्या त्वचेत काळं पडण्याचा धोका असतो.

काहीच केलं नाही तरी लाली जाते आणि रेषा चंदेरी, बारीक होतात. तो काही आजार नाही. वयात येणाऱ्या मुलींच्या मांड्यांवर, व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या खांद्यांवर त्या तेवढ्याच सर्रास असतात.

मी पोटुशी नाही, वजनही वाढलेलं नाही. जांघेत लाल, रुंद रेषा आल्या आहेत. व्हिटॅमिन ई देऊ शकाल?

आधी सांगा, तिथे नायट्याचं कुठलं क्रीम लावत होता?

दहांतले बरेच जण इथे अडखळतात. आपल्या दमट हवेत जांघेत, काखेत, कमरेला नायटा होतोच. मासेमारीला जाणाऱ्यांचे कपडे ओले, शेतात लावणीच्या दिवसांत दिवसभर पावसात. मग कुणीतरी एक ट्यूब सांगतं. लावली की दोन दिवसांत खाज बंद. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. खाज ते थांबवतं, बुरशी मात्र आत फोफावते, आणि लावणं बंद केलं की नायटा दुप्पट होऊन येतो. म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. काही आठवडे-महिने असं चाललं की कातडी कागदागत पातळ होते आणि जांघेत बोटभर रुंद रेषा फाटतात. त्या कायमच्या असतात. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्येही हेच स्टिरॉइड असतं आणि ते चेहऱ्याची वाट लावतं.

सरकारने २०१८ मध्ये ही लावायची स्टिरॉइड शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती सहज मिळतात याचं मला एक फार्मासिस्ट म्हणून वाईट वाटतं. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानात जातं, तरी देत नाही.

अशा रेषा असतील तर व्हिटॅमिन ई विसरा. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ती दाखवा, लपवू नका. नायट्याचं खरं औषध अनेक आठवडे चालतं. घरात सगळ्यांचे उपचार एकत्र करा, टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा, पावसाळ्यात ते वाळत नसतील तर इस्त्री फिरवा.

आणि कुठलंही क्रीम न लावता पोटावर रुंद जांभळ्या रेषा आल्या, चेहरा गोल सुजल्यासारखा झाला, रक्तदाब किंवा साखर वाढली, तर फिजिशियनला भेटा. सांधेदुखीसाठी, दम्यासाठी कुणाकडून नाव नसलेल्या पुड्या घेत असाल तर त्याही सोबत न्या.

कान टोचल्यावर भोकाजवळ गाठ आली आहे. कॅप्सूल लावून विरघळेल?

विरघळणार नाही. ती बहुधा केलॉइडची गाठ आहे. साधा उंच वण जखमेच्या हद्दीत राहतो. केलॉइड हद्द सोडून वाढतं, वर्ष उलटलं तरी वाढतं. कानाची पाळी, बुगडीसाठी टोचलेली वरची कूर्चा, छातीचा मधला भाग, खांद्यावरची लसीची जागा, ही त्याची ठरलेली ठिकाणं. घराण्यात असतं.

हीच ती जागा जिथे कॅप्सूलमुळे खरं नुकसान होतं. मुलगी सहा महिने तेल लावत राहते आणि हरभऱ्याएवढी गाठ बोराएवढी होते. लहान असताना त्वचेचे डॉक्टर गाठीत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, काही आठवड्यांच्या अंतराने, आणि पुष्कळ गाठी बसतात. नुसती कापून टाकू नका. दुसरा काही उपचार जोडीला नसेल तर ती बहुतेकदा आधीपेक्षा मोठी होऊन येते. धागा बांधून गाठ पाडण्याचा उद्योगही नको. घरात कुणाला केलॉइड असेल तर मुलीचे दागिन्यांचे हट्ट पुरवताना कानाचं दुसरं, तिसरं भोक टाळा.

मुरमांचे, कांजिण्यांचे खड्डे?

तेलाने खड्डा भरत नाही. कॅप्सूलच्या तेलाने मुरूम मात्र वाढतील.

घाण्याचं खोबरेल, आवेल, मुठेल यांत व्हिटॅमिन ई असतं ना?

खोबरेलात फारच थोडं. शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही नाही. सूर्यफुलाच्या तेलात त्याच मापात चाळीसच्या आसपास असतं. ओल्या नारळाच्या रसाचं आवेल बाळाच्या मालिशीला आपण वापरतो, टाचांच्या भेगांना कोकमाचं मुठेल वापरतो, ते व्हिटॅमिन ईसाठी नाहीच. आवेल त्वचेतला ओलावा धरून ठेवतं. मुठेल घट्ट असल्याने भेगेत बसून राहतं आणि पाणी उडू देत नाही. तेवढं काम ती चोख करतात आणि वण चोळायला दोन्ही छान. व्हिटॅमिन ई घातलेलं महागडं बॉडी बटर मागणाऱ्यांना मी हेच सांगते, घरात मुठेलाचा गोळा असेल तर तो आधी काढा.

कॅप्सूल पोटात घेतली तर आतून फायदा होईल?

वणाला नाही. कमतरता नसताना रोज ४०० मिलिग्रॅम घेणं मला धोक्याचं वाटतं. अमेरिकेत हजारो निरोगी पुरुषांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं, आणि २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण त्यांच्यात १७ टक्क्यांनी जास्त निघालं. त्या अभ्यासातलं व्हिटॅमिन ई कृत्रिम अ‍ॅसिटेटच होतं. त्याचं एक युनिट म्हणजे एक मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या हिरव्या कॅप्सूलएवढाच डोस.

मोठ्या मात्रेत ते रक्त गोठण्याच्या आड येतं. वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. ऑपरेशन ठरलं असेल तर तुम्ही ही कॅप्सूल घेता हे सर्जनला सांगा. पोटुशींना वरून व्हिटॅमिन ई आणि सी देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. लोहाच्या गोळ्या "उलटीसारखं होतं" म्हणून बंद आणि हिरवी कॅप्सूल रोज चालू, असं मी पाहते. हे उलटं करा. डॉक्टरांनी दुसऱ्या आजारासाठी लिहून दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती स्वतःहून बंद करू नका.

ताटातून हवं तेवढं मिळतं. शेंगदाणे, बदाम, पालेभाज्या, सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल. काजूत मात्र फारसं नाही.

मग त्वचेसाठी व्हिटॅमिन ई बिनकामाचंच का?

बिनकामाचं नाही. आपल्या त्वचेतल्या तैलग्रंथी ते स्वतःहून वर आणून पसरवतात, उन्हाने होणारी झीज अडवायला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि एक टक्का व्हिटॅमिन ई यांच्या मिश्रणात थोडं फेरुलिक अ‍ॅसिड घातलं की उन्हापासूनचं संरक्षण दुप्पट होतं. म्हणजे ते सनस्क्रीनच्या जोडीला बरं. मॉइश्चरायझरमध्येही असतं, असू दे. वण पुसण्याचं काम त्याच्यावर टाकू नका.

त्वचेचे डॉक्टर आमच्याकडे नाहीत. कधी जायचं आणि कुठे?

वण तीन महिन्यांनंतरही उंचच होत चालला, जखमेच्या हद्दीबाहेर पसरला, रात्री झोपू देत नाही एवढा खाजतो किंवा दुखतो, किंवा सांधा आखडतोय, तर थांबू नका. जुन्या वणावर नव्याने जखम झाली आणि ती महिनाभर भरली नाही तर लगेच जा, विशेषतः जुन्या भाजल्याच्या वणावर.

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्यापूर्वी त्वचारोगाची ओपीडी कुठल्या वारी आणि किती वाजेपर्यंत असते ते फोनवर विचारा, नाहीतर एसटीचा अख्खा दिवस फुकट जातो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेतलीत तर बरं. दर पंधरा दिवसांनी, एकाच खिडकीपाशी, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून वणाचा फोटो काढून ठेवा. वाढतोय की बसतोय हे डॉक्टरला त्यावरून चटकन कळतं. आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब, बाटली आणि कॅप्सूलचं पाकीट पिशवीत घालून न्या, रिकामं असलं तरी.